फूटपट्टी कुणाच्या हातात?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलवायला तुमच्यातल्या एकानं फोन केला. विचारलं, "ताई, तुमची पीएचडी नेमकी कशात?" मी म्हटलं, "वाचा-भाषा विकारशास्त्रात." तो गप्पच. मग म्हणाला, "म्हणजे तोतरं बोलणाऱ्यांची डॉक्टर का?" चूक नाही त्याची. आपल्याकडं पीएचडी म्हटली की राज्यशास्त्र, समाजशास्त्र, नाहीतर मराठी. ते झालंच पाहिजे. पण माणसाच्या तोंडातली भाषा जिथं मोजली जाते तिकडं आपण फिरकत नाही. त्याची किंमत आपली पोरं मोजतात.

या शास्त्रात तोतरेपणा येतोच. शिवाय लकवा मारल्यावर गेलेली वाचा, दुभंगल्या टाळूचं पोर, तंबाखूनं कॅन्सर होऊन स्वरयंत्र काढलेला कामगार, ऐकू येत नाही म्हणून न बोलणारं लेकरू. सांगा, यातलं कोण आपल्या वस्तीत नाही?

दोन पोरांची गोष्ट सांगते.

पहिला पाच वर्षांचा. आईबाप अकोल्याकडून मुंबईला कामाला आलेले. शाळेनं धाडला, "अस्पष्ट बोलतो" म्हणून. मी तेव्हा शिकाऊ. चित्रं दाखवली. डोळ्याला म्हणाला "डोया", केळ्याला "केयं", पाण्याला "पानी". वरिष्ठ बाईंनी लिहिलं: ळ च्या जागी य, ण च्या जागी न. उच्चारदोष. आठवड्यातून दोनदा थेरपी. बाहेर बाकड्यावर आजी बसली होती. मला म्हणाली, "पोराच्या गयात काई बिघाड हाय का, बाई?" वऱ्हाडात गावंच्या गावं असं बोलतात. सगळ्यांचा गळा बिघडलाय का? माझी आईसुद्धा 'डोया' म्हणते. आणि मी तिथं तोंड उघडलं नाही. मार्क त्यांच्या हातात होते. ते गप्प बसणं अजून सलतं.

दुसरी चार वर्षांची. जेमतेम दहा शब्द बोलायची. कान कायम वाहायचा, घरचे कोमट तेल ओतायचे. दाखवायला नेली तर ऐकवलं, "या लोकांच्या घरात पोरांशी बोलतं कोण? शाळेत जाऊ दे, बोलेल." धाडली परत. दोन वर्षांनी कान तपासले, तर दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. भाषा शिकायची मोलाची वर्षं अशी मातीत गेली.

आता नीट बघा. पहिल्याला विकार नव्हता, त्याला विकारी ठरवलं. दुसरीला विकार होता, तिचं घर बघून तो नाकारला. दोन्हीकडं फूटपट्टी एकच, सदाशिवपेठी घरातल्या पोराची.

ही फूटपट्टी आभाळातून पडत नाही. कुणीतरी संशोधक पोरं गोळा करतो, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करतो, कुठल्या वयाला कुठला आवाज येतो, किती शब्द येतात ते मांडतो. त्याला 'नॉर्मल' म्हणायचं. पोरं कुठून आणतो? जिथं परवानगी पटकन मिळते त्या चांगल्या शाळेतून. झालं! आपलं पोर मोजायच्या आधीच नापास. अशी बरीच कामं पीएचडीच्या प्रबंधात होतात. म्हणून म्हणते, ही पदवी नावापुढं 'डॉक्टर' लावायची हौस नाही. फूटपट्टी बनते त्या कारखान्यात शिरायचं ते दार आहे.

1972 साली आपल्या पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. तिथलीच एक लढाई सांगते. मिशिगन राज्यात अॅन आर्बर नावाचं गाव, मोठ्या विद्यापीठाचं. तिथल्या एका शाळेत गरीब काळ्या पोरांना मतिमंद, वाचादोष असले शिक्के मारायचे. 1977 साली त्यांच्या आया कोर्टात गेल्या. काळ्यांच्या बाजूनं मुख्य तज्ज्ञ साक्षीदार होती जिनेव्हा स्मिदरमन. टेनेसीतल्या बटाईनं शेती करणाऱ्या घरातली पोर. शिक्षिका व्हायला लागणाऱ्या वाणी-परीक्षेत तिला स्वतःला नापास केलं होतं आणि बोलणं सुधारायच्या वर्गात बसवलं होतं, कारण ती आपल्या माणसांसारखी बोलायची. तिनं मिशिगन विद्यापीठातूनच पीएचडी केली. 12 जुलै 1979 ला न्यायाधीश जॉयनर यांनी निकाल दिला: शिक्षकांना या पोरांची घरची भाषा ओळखायला शिकवा, आणि वाचन शिकवताना ते ज्ञान वापरा. 1983 साली अमेरिकेतल्या वाचातज्ज्ञांच्या संघटनेनं लेखी मान्य केलं की इंग्रजीची कुठलीही बोली हा विकार नाही. आयांनी कोर्ट गाठलं आणि त्यांच्यातलीच एक शिकलेली बाई पुराव्यानिशी उभी राहिली, म्हणून हे घडलं.

मग बोली आणि विकार वेगळे कसे ओळखायचे? उपाय आहेत. आजी, भावंडं, शेजारी कसे बोलतात ते आधी ऐका. पोर घरच्यांसारखंच बोलत असेल तर ती बोली. घरच्यांनाच त्याचं बोलणं कळत नसेल तर तपासा. अर्थ नसलेले शब्द म्हणायला लावा, ते कुठल्याच घरात आधी शिकवलेले नसतात. एखादी नवी गोष्ट शिकवा आणि किती लवकर उचलतं ते बघा. आणि सगळ्यात आधी कान तपासा. माझा प्रबंध यावरच आहे. मी पोरं गोळा केली ती वस्तीतली, अंगणवाडीतली, वीटभट्टीवरची.

वाट सोपी नाही. बारावी सायन्स, मग चार वर्षांची पदवी, दोन वर्षं एमएस्सी, पुढं पीएचडी. मुंबईत नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत हे शिक्षण मिळतं. म्हैसूरची अखिल भारतीय संस्था 1965 पासूनची. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत लेखीला 70 टक्के वजन, मुलाखतीला 30. ते 30 कसे वापरतात ते माझ्याकडून ऐका. एका साहेबांनी विचारलं, "तुमचा ण अजून न होतो. तुम्ही दुसऱ्यांचं काय सुधारणार?" या वेळी गप्प बसले नाही. म्हटलं, "सर, मी सुधारायला आले नाही. काय बिघडलंय आणि काय बिघडलेलं नाही, ते शोधायला आले." तिथं प्रवेश नाकारला. पुढच्या वर्षी दुसरीकडं मिळवला. फेलोशिप महिनोन्‌महिने थकली, शिकवण्या घेतल्या. पण सोडलं नाही.

बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला पहिलं पत्र काढलं, त्याचं नाव 'मूकनायक'. मुक्या ठेवलेल्या समाजाचं ते तोंड. आज आपण मोर्चात घसा फोडून बोलतो. पण त्याच मोर्चात आईच्या कडेवर एक पोर असतं, त्याला घोषणा ऐकूच येत नाही, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

म्हणून दोन कामं सांगते. वाहत्या कानाचं पोर दिसलं तर तेल ओतू देऊ नका, कान-नाक-घशाच्या ओपीडीत न्या, ऐकणं तपासून घ्या. उद्यापासून. आणि जी पोरंपोरी सायन्सला आहेत त्यांनी आता घरी पळू नका. मागं थांबा, फॉर्म कसा भरायचा ते मी समजावून सांगते. कितीही वाजू देत.

जयभीम.