हिमसागरावरील वाटाडे



सुवर्णमहोत्सवानिमित्त बोलण्याचे निमंत्रण देताना मंडळाच्या चिटणीसांनी आम्हाला एकच अट घातली होती : कार्यालयीन विषय नको. ती आम्ही आनंदाने मान्य केली. पुढे गोठलेल्या समुद्रावरून कुत्र्यांच्या घसरगाडीने होणारा प्रवास हा विषय कळवला, तेव्हा त्यांची मुद्राही काहीशी गोठली असे ऐकतो. आम्ही उत्तर ध्रुवाकडे कधी गेलेलो नाही, हे प्रारंभीच सांगून टाकावे. जे सांगणार ते सारे वाचनातले आहे. मात्र या वाचनाची गोडी लागली ती स्वतःच्या एका फजितीमुळे.

पंचवीसएक वर्षांपूर्वी आमची नेमणूक काही काळ लेहला होती. एका हिवाळ्यात सरकारी दौऱ्यावर असताना गोठलेल्या झंस्कार नदीच्या पात्रातून थोडे अंतर चालण्याचा प्रसंग आला. बर्फाच्या त्या वाटेला तिकडे ‘चादर’ म्हणतात. पुढे चालणारा झंस्कारी वाटाड्या दर चार पावलांनी काठी आपटून आवाज ऐकत होता आणि पाय न उचलता घासत नेत होता. एका वळणावर तो कडेकडेने वळसा घालून गेला. आम्हाला तो वळसा निष्कारण वाटला. आम्ही सरळ गेलो आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरलो. त्याने आमचे बूट काढले, पाय स्वतःच्या गोंच्यात घेऊन चोळले, आणि एक शब्दही बोलला नाही. मुक्कामी परतल्यावर आम्ही दौऱ्याचा अहवाल लिहिला. त्यात ‘सोबत एक स्थानिक मार्गदर्शक’ एवढीच नोंद आहे. नाव नाही. आज ते आम्हाला आठवतही नाही.

आर्क्टिकवरील पुस्तके वाचू लागलो तेव्हा हीच खोड आम्हाला मोठमोठ्या नावांच्या मागेही दिसली. रॉबर्ट पिअरी एप्रिल १९०९ मध्ये आपण उत्तर ध्रुवावर पोहोचलो असे म्हणाला. तो खरोखर तेथवर गेला की नाही, याविषयी जाणकारांना आज दाट शंका आहे. परंतु जेथवर गेला तेथे तो एकटा नव्हता. त्याच्यासोबत मॅथ्यू हेन्सन हा कृष्णवर्णीय अमेरिकी सहकारी होता. तो घसरगाडी हाकण्यात पिअरीहून तरबेज होता आणि त्याला इनुइतांची भाषाही येत होती. शिवाय ऊटाह, इगिंग्वाह, सीग्लू आणि ऊकेआह असे चार इनुइत होते. शाळेत आम्ही पाठ केले ते एकट्या पिअरीचे नाव. ज्यांना आपण लहानपणी ‘एस्किमो’ म्हणत असू, त्यांचे स्वतःसाठीचे नाव ‘इनुइत’ असे आहे. त्याचा अर्थ ‘माणसे’.

आता या लोकांच्या रस्त्याविषयी. समुद्राचे खारे पाणी सुमारे उणे १.८ अंश सेल्सिअसला गोठू लागते. झंस्कारच्या गोड्या पाण्याचे पातळ बर्फ पायाखाली कडकन मोडते. कोवळे समुद्रबर्फ मात्र मिठामुळे लवचिक असते आणि गाडीच्या भाराने चक्क वाकते. अंगाखालची जमीन लाटेसारखी वर-खाली होत आहे, आणि गाडी थांबवणे हेच सर्वांत धोक्याचे आहे, असा हा मामला. पुढे वर्षानुवर्षे टिकलेल्या बर्फातील मीठ खाली निथळून जाते व ते वितळवून पिता येते. म्हणजे पाणी कोठले प्यावे हेसुद्धा बर्फाचे वय ओळखता आले तरच कळते. किनाऱ्याला घट्ट धरून राहिलेले बर्फ निराळे, वाऱ्याबरोबर तरंगत जाणारे निराळे, आणि त्या दोहोंमधली कड तर निराळीच. प्रत्येकाला स्वतंत्र शब्द आहे, कारण चुकीच्या बर्फावर रात्र काढणारा सकाळी खुल्या समुद्रात असू शकतो. दूरवर पाणी उघडे असेल तर त्यावरच्या ढगांचा तळ काळसर दिसतो. वादळाने दिशा दिसेनाशी झाली, तर नेहमीच्या वाऱ्याने घडवलेले कठीण हिमाचे उंचवटे पायाने चाचपून त्यांच्या रोखाने मार्ग धरायचा. होकायंत्राचा भरवसा तेथे नाही, कारण चुंबकीय ध्रुवच जवळ.

गाडी पाहिली तर अगदी साधी. दोन लांब धावपट्ट्या आणि त्यांवर आडव्या फळ्या, साऱ्या चामड्याच्या वादीने बांधलेल्या. खिळ्यांनी ठोकलेली गाडी बर्फाच्या उंचवट्यांवर आदळून मोडेल. वादीची गाडी अंग मुरडून पुढे जाते. कॅनडाच्या इनुइतांची युक्ती तर आम्हाला फार आवडली. शेवाळमिश्रित माती कोमट पाण्यात मळून ते धावपट्टीच्या तळाला लिंपतात. ती गोठली की तासून गुळगुळीत करतात. मग तोंडात पाणी घेऊन त्यावर फुंकरतात आणि अस्वलाच्या कातड्याच्या तुकड्याने, अंगण सारवावे तसा, हात फिरवतात. काचेसारखा पातळ बर्फाचा थर बसतो आणि जड ओझे सहज घसरू लागते. दगडावर आपटून लेप फुटला की पुन्हा पहिल्यापासून सारे करायचे.

झाडे नसलेल्या त्या प्रदेशात कुत्रे जोडीजोडीने जुंपत नाहीत. प्रत्येकाला स्वतंत्र दोर असतो आणि ते पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरून धावतात. त्यामुळे पातळ बर्फावर भार विभागला जातो. मात्र कुत्रे जागा बदलत राहतात आणि दोरांची वेणी पडते. ती उणे तीस-चाळीस अंशांत हातमोजे काढून सोडवावी लागते. वसंतात बर्फाचे अणकुचीदार स्फटिक पंजे कापतात, म्हणून कुत्र्यांना सीलच्या कातड्याचे बूट शिवतात. आणि कुत्र्याला रोज मांस हवे. म्हणजे प्रवास म्हणजेच शिकार. सील मिळाला नाही, तर गाडीही नाही.

या सर्व विद्येचा सर्वांत थोर विद्यार्थी आम्ही क्नुद रासमुसेनला मानतो. हा १८७९ साली ग्रीनलंडमध्ये जन्मला. वडील डेन्मार्कचे धर्मोपदेशक, आईकडून इनुइत रक्ताचा वारसा. भाषा व घसरगाडी ही दोन्ही त्याने बालपणीच उचलली. १९२१ ते १९२४ या काळात त्याने ‘पाचवी थुले मोहीम’ काढली. तीत शास्त्रज्ञ होते, आणि वायव्य ग्रीनलंडचे इनुइत जोडप्या-जोडप्याने होते. स्त्रिया कशाला, असे कोणी विचारील. रेनडिअरच्या कातड्याचे कपडे शिवणे, रोज खरवडून मऊ ठेवणे, ओले मोजे दिव्यावर वाळवणे, हे ज्याला जमत नाही त्याची बोटे झडतात. त्या मोहिमेतील पीटर फ्रॉइकेन हिमदंशामुळे पायाची बोटे गमावून बसला, हे पुरेसे बोलके आहे.

मोहिमेची मुख्य वाटचाल सुरू होण्यापूर्वीच इग्गिआंग्वाक हा सोबती साथीच्या तापाने वारला. त्याची तरुण पत्नी अर्नारुलुंग्वाक हिने घरी परतायचे नाकारले. मार्च १९२३ मध्ये रासमुसेन हडसन उपसागराच्या उत्तरेकडील तळावरून पश्चिमेला निघाला, तेव्हा बरोबर दोघेच होते : ही विधवा आणि तिचा नातलग मितेक. दोन गाड्या, प्रत्येकीला बारा कुत्रे. तिघे सारा उत्तर अमेरिकेचा माथा ओलांडून १९२४ च्या उन्हाळ्यात अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. रात्री हिमाच्या विटांचे घर बांधायचे, दिवा लावायचा, आणि वाटेत भेटणाऱ्या वस्तीत बसून वृद्धांच्या तोंडून गाणी, कथा, देवदेवतांच्या समजुती उतरवून घ्यायच्या. हे त्याला जमले ते एका कारणाने. ग्रीनलंडमध्ये आईच्या कडेवर शिकलेली बोली हजारो मैलांवर, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना न भेटलेल्या लोकांना समजत होती. उच्चार निराळे, काही शब्द निराळे, परंतु बोलणे तुटत नव्हते. येथे जमलेल्या कुटुंबांपैकी ज्यांची तिसरी पिढी महाराष्ट्राबाहेर वाढते आहे, त्यांना यातले नवल अधिक सांगायला नको.

पुढचा प्रसंग आम्हा सरकारी माणसांना लाज आणणारा. बेरिंगच्या सामुद्रधुनीपलीकडे सायबेरियात त्याच लोकांचे भाऊबंद राहतात, म्हणून रासमुसेन सप्टेंबर १९२४ मध्ये पलीकडे गेला. रशियन अधिकाऱ्यांनी परवान्याचा कागद मागितला. तो नव्हता, आणि त्याला परत पाठवण्यात आले. जे समुद्राने अडवले नाही ते कागदाने अडवले. त्या खुर्चीवर आम्ही असतो तर काय केले असते, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला आणि उत्तर सोयीचे आले नाही.

या प्रवासाचा वृत्तांत रासमुसेनने लिहिला, त्याची इंग्रजी आवृत्ती १९२७ साली निघाली. त्यात मितेक व अर्नारुलुंग्वाक यांची नावे आहेत, स्वभाव आहेत, विनोदही आहेत. आमच्या अहवालाशी आम्ही ते पुस्तक अनेकदा मनातल्या मनात ताडून पाहिले आहे.

त्यानंतर या लोकांवर बरेच काही गुदरले. थुले येथील वस्ती १९५३ मध्ये अमेरिकेच्या विमानतळासाठी उत्तरेला कानाक येथे हलवली गेली. कॅनडात विसाव्या शतकाच्या मध्यास गाडीचे कितीतरी कुत्रे पोलिसांनी व अन्य अधिकाऱ्यांनी गोळ्या घालून मारले. कुत्रा गेला म्हणजे शिकार गेली, आणि शिकार गेली म्हणजे माणूस सरकारी मदतीच्या रांगेत आला. कॅनडाच्या सरकारने बॅफिन प्रदेशातील इनुइतांची याबद्दल क्षमा मागितली ती २०१९ मध्ये. आता यांत्रिक गाड्या आल्या आहेत. त्या वेगवान आहेत. परंतु पुढचे बर्फ कोवळे आहे हे त्या हुंगून सांगत नाहीत, आणि बिघडल्या तर वादळात घरची वाटही दाखवत नाहीत.

रासमुसेन आणि अर्नारुलुंग्वाक दोघेही १९३३ मध्येच वारले. ती क्षयाने गेली, चाळिशीही न गाठता. कानाकच्या परिसरात काही शिकारी आजही कुत्र्यांच्या गाडीनेच समुद्रावर उतरतात. बर्फ आता उशिरा धरते, लवकर सुटते, आणि वडिलांनी दाखवलेली वाट प्रत्येक वर्षी तशीच असेल याची शाश्वती उरलेली नाही. पातळ वाटले की शिकारी गाडीच्या पुढे होतो, हातातला दांडा बर्फावर आपटतो आणि आवाज ऐकतो.