जहाजावरची पंगत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'भूमध्य समुद्राची सफर' हा विषय दिला आहे. सात रात्रींत सहा गावांच्या वेशी पाहून आलेल्या बाईने स्पेनविषयी किंवा इटलीविषयी ज्ञान सांगू लागावे, हे काही बरे नव्हे. पण एका कुटुंबातली चौदा माणसे, ऐंशी ओलांडलेल्या सासूबाईंपासून सहा वर्षांच्या पणतवापर्यंत, एका जहाजावर कशी राहिली, काय जेवली आणि तिथून काय घेऊन परतली, एवढे मी सांगू शकेन. तेवढेच सांगते.

प्रथम, आम्ही जहाजावर का गेलो ते सांगायला हवे. आमचे जुने घर सहा वर्षांपूर्वी विकले गेले. वाटण्या झाल्या, आणि वाटण्या झाल्या म्हणजे घरोघरी जे होते ते आमच्याकडेही झाले. भांडण असे कोणाचे नव्हे. पण गणपती कोणाकडे बसवायचा यावरून जे बोलणे थांबले ते थांबलेच. पुढे सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाची गोष्ट निघाली. त्या म्हणाल्या, "होम नको, सत्कार नको. मला सगळी एका पंगतीला बसलेली बघायची आहेत."

मागणी साधी होती, पण पंगत बसवायची कोणाच्या घरी? थोरल्या भावजींकडे बसवली तर धाकटे जेवून लगेच गाडी गाठणार. आमच्याकडे बसवली तर थोरल्यांना मानपान वाटणार. शिवाय, ज्या घरात पंगत त्या घरची बाई पंगतीत नसतेच, ती चुलीपाशी असते. शेवटी आमच्या वन्संनी तोड काढली. त्या म्हणाल्या, "जहाज हे कोणाचंच घर नाही. तिथे स्वयंपाकघरात शिरायला कोणी देणारही नाही." खर्च चारही घरांनी वाटून घ्यायचे ठरले, आणि मे महिन्यात आम्ही बार्सिलोनाला पोचलो.

ज्यांना पुढेमागे जायचे असेल त्यांच्यासाठी चार उपयोगाच्या गोष्टी सांगते. स्पेन, फ्रान्स, इटली आणि माल्टा या चारही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. मात्र वाटेत त्या गटाबाहेरचे बंदर असेल तर अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा मागून घ्यावा. व्हिसासाठी निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. खिडकी नसलेली आतली खोली पुष्कळ स्वस्त पडते, आणि दिवसभर खोलीत बसतो कोण? ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी चाकांची खुर्ची आणि एकाच टेबलावरच्या जागा आधीच सांगून ठेवाव्यात. या प्रवासात म्हाताऱ्या माणसांची मोठी सोय अशी की सामान एकदाच उघडायचे. जहाज रात्री चालते, आपण निजतो, आणि सकाळी नवे गाव दाराशी येऊन उभे राहते.

जहाज सुटण्यापूर्वी सर्वांना संकटाच्या वेळी कुठे जमायचे ते दाखवतात. सात आखूड भोंगे आणि एक लांब, ही त्याची खूण. पोरे हसत होती, पण ही हसण्याची गोष्ट नव्हे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री याच समुद्रात, इटलीच्या जिल्यो बेटाजवळ, 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज खडकावर आदळले आणि ३२ माणसे गेली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ही तालीम व्हायचीच होती. त्यानंतर नियम कडक झाले. सासूबाईंनी दोनदा विचारून आपली जागा नीट समजून घेतली, आणि पणतवाला घोकून घ्यायला लावली.

आता या समुद्राविषयी थोडेसे. चहूबाजूंनी जमीन आणि मध्ये पाणी, म्हणून 'भूमध्य'. त्याच्या लॅटिन नावाचाही अर्थ तोच. अटलांटिक महासागराकडे जायला जिब्राल्टरची सामुद्रधुनी, तीही अरुंद जागी जेमतेम चौदा किलोमीटर. त्यामुळे या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. बहुतेक ठिकाणी वीत-दोन वीत पाणी वरखाली होते. आपल्या मुंबईला मोठ्या भरतीच्या दिवशी चार-पाच मीटरांचा फरक पडतो, म्हणून तर तिथे दरवाजे असलेल्या गोद्या बांधाव्या लागल्या. इथे जहाज धक्क्याला लागले की त्याची उतरायची फळी सकाळ-संध्याकाळ सारखीच राहते. आमच्या सासूबाईंची खुर्ची त्या फळीवरून रोज विनासायास खाली उतरली, ती या समुद्राच्या शांत स्वभावामुळे.

पहिले बंदर मार्सेय. हे नाव आपल्याला शाळेपासून माहीत आहे. ८ जुलै १९१० रोजी याच बंदरात 'मोरिया' जहाजाच्या झरोक्यातून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली आणि पोहून फ्रान्सचा किनारा गाठला. तिथल्या शिपायाने त्यांना पुन्हा इंग्रजांच्या हवाली केले. तो वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला, आणि १९११ साली निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. सासूबाईंनी धक्क्यावर खुर्ची थांबवायला लावली, पाण्याकडे पाहून हात जोडले आणि म्हणाल्या, "केवढी उंची असेल गं!" कोणी काही बोलले नाही.

गावाच्या टेकडीवर मेरीमातेचे मोठे देऊळ आहे. तिथले लोक तिला 'चांगली आई' म्हणतात. आत छतापासून लहान लहान जहाजे टांगलेली आहेत. समुद्रावर गेलेली माणसे सुखरूप परत यावीत किंवा आली, म्हणून वाहिलेली. आम्हा बायकांना ते समजावून सांगायची गरज पडली नाही. पाळणे बांधलेली देवळे आपण पाहिलेलीच आहेत.

आता खाण्याविषयी, कारण आमच्यापैकी पाच जण शुद्ध शाकाहारी. जहाजावर आधी सांगून ठेवले होते म्हणून अडचण आली नाही. बंदरांत मात्र आमच्या धाकट्या जाऊबाईंनी एक शोध लावला. मार्सेयला एका टपरीवर तळलेले पिवळे काप दिसले. 'पानिस' म्हणतात त्यांना, आणि निघाले चक्क हरभऱ्याच्या पिठाचे! दुसऱ्या दिवशी जेनोव्हाला 'फारिनाता' मिळाली: हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल, मोठ्या परातीत पातळ ओतून भट्टीत भाजलेले. आपला पोळाच म्हणा, फक्त जिरे-मिरची नाही. पुढे पालेर्मोला 'पानेल्ले'. पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचे, थापायचे, कापायचे आणि तळून पावात घालायचे. पाटवड्या करणाऱ्या बाईला यात शिकण्यासारखे काही नाही, पण जीव थंडावला. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "गरिबाचं पोट भरायला सगळ्या जगाने हरभराच धरला की काय!" ऐकायला विनोद, पण खोटे नाही. हे तिन्ही पदार्थ मुळात बंदरातल्या कष्टकऱ्यांचेच.

रोमविषयी बोलत नाही. पुस्तके भरभरून आहेत. एवढेच सांगते की चिवितावेक्किया बंदरापासून रोम सुमारे सत्तर किलोमीटर, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही, म्हणून घड्याळाकडे एक डोळा ठेवूनच फिरावे. तिथे टायबर नदीच्या पुलावर आमच्या यजमानांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. याच नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे, सगळे सोबती पडल्यावर, एकटे शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले. त्यात ते कामी आले, आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते आपल्या रायगड जिल्ह्यातले. मुलांनी नदीकडे पुन्हा एकदा पाहिले, निराळ्या नजरेने.

माल्टाची राजधानी व्हॅलेटा. १५६५ सालचा तुर्कांचा मोठा वेढा उठल्यावर दुसऱ्याच वर्षी या तटबंदीच्या शहराचा पाया घातला गेला. तिथली भाषा अरबीची लेक, पण रोमन लिपीत लिहिलेली. पुस्तकाला 'क्तीब', जगाला 'दिन्या'. आपली किताब आणि आपली दुनिया, त्याच घरची! वन्संनी दुकानदारिणीला हे सांगितले, आणि दोघी पाव तास हातवारे करत बोलत बसल्या.

पण मैत्रिणींनो, आम्ही गेलो होतो ती पंगतीसाठी. तिचे काय झाले?

पहिल्या रात्री चौदा जणांचे लांबलचक टेबल, सगळी बसलेली, आणि सासूबाई उभ्या! "अगं, त्या सगळ्यांचं होऊ दे. मी मागून बसते." बळेच बसवले, तर आपल्या ताटातले पणतवाच्या ताटात, याला मिळाले का, तिला मिळाले का, अशी सारखी मान फिरते आहे. स्वतः जेवल्या त्या सर्वांच्या शेवटी, गार झालेले. दुसऱ्या रात्रीही तेच. साठ वर्षांची सवय समुद्र ओलांडला म्हणून सुटत नाही. आणि खरे सांगायचे तर आम्ही जावाही खुर्चीच्या कडेवरच टेकलो होतो, आता उठावे लागेल अशा बेताने.

आम्हाला वाढायला वेंगुर्ल्याकडचा एक मुलगा होता. या जहाजांवर गोव्या-कोकणातली पुष्कळ मुले असतात. तिसऱ्या रात्री तो सासूबाईंपाशी वाकून म्हणाला, "आजी, सगळ्यांच्या ताटल्या एकदम उचलायच्या असा इथला नियम आहे. तुमचं होईपर्यंत मला कोणालाच पुढचं आणता येत नाही." सासूबाईंनी टेबलभर पाहिले. तेरा माणसे त्यांच्यासाठी खोळंबली होती. त्यांनी मुकाट्याने चमचा उचलला आणि जेवल्या, सगळ्यांच्या बरोबरीने, ऊन ऊन. रात्री खोलीत मला म्हणाल्या, "बसून जेवलं की जास्त जातं गं!"

मी हसले, पण झोप लागली नाही. साठ वर्षे या बाईने सगळ्यांना वाढले, आणि त्यांना बसून पोटभर जेवायला मिळते की नाही हे आम्ही कोणी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलाला विचारले, "तू कधी जेवतोस?" म्हणाला, "तुमचं सगळ्यांचं झाल्यावर, अकरा वाजतात." आईला भेटून सात महिने झाले होते. म्हणजे आम्ही सगळ्या बसलो तेव्हा आमच्या जागी कोणीतरी उभा होताच. पंगत म्हटली की वाढणारा आला. प्रश्न एवढाच की वाढणारा तोच तो असावा काय. त्या मुलाला पगार होता. २००६ साली झालेल्या आणि २०१३ पासून अमलात आलेल्या सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती त्याच्या हक्काची होती. आपल्या स्वयंपाकघरासाठी असा करार कोणत्या साली झाला, ते इथे कोणाला ठाऊक असेल तर सांगावे. सासूबाईंनी घरून आणलेला लाडवांचा डबा जसाच्या तसा त्याच्या हाती दिला.

माल्टाहून बार्सिलोनाला परतताना एक पूर्ण दिवस पाण्यावर जातो. बंदर नाही, पाहायचे काही नाही. त्या दिवशी मुलांनी पत्ते काढले, आणि बदाम सातच्या डावात तिन्ही भाऊ सापडले. डावावरून आधी भांडले, मग हसले, मग जुन्या घराच्या माडीवरचे डाव निघाले. संध्याकाळी तिघे कठड्याशी उभे होते. काय बोलले ते आम्हाला कळले नाही. पण रात्री थोरल्या भावजींनी जेवताना सांगितले की गणपती आळीपाळीने तिघांकडे बसेल. त्यावर वन्संनी लगेच कलम घातले: "ज्या घरी गणपती, त्या घरची बाई पहिल्या पंगतीला. वाढायचं ते दिरांनी आणि मुलांनी." सासूबाई म्हणाल्या, "आणि शेवटचं ताट होईपर्यंत कोणी उठायचं नाही."

यंदा गणपती आमच्याकडे होता. दिरांनी वाढले. आमटी पानाबाहेर गेली, कोशिंबीर विसरली, तूप दोनदा आले. पण थोरल्या जाऊबाई, मी, धाकट्या जाऊबाई आणि मध्ये सासूबाई, अशा आम्ही ओळीने बसून जेवलो.

भगिनींनो, यासाठी जहाजच पाहिजे असे नाही. खर्च मोठा आहे, आणि प्रत्येकीला तो झेपेल असेही नाही. गावातली धर्मशाळा, देवस्थानचे भक्तनिवास, नदीकाठची शिदोरी, कोठेही चालेल. जागा कोणाच्याच घरची नसावी आणि कोणाच्याच बाईला उठावे लागू नये, एवढेच पाहावे.

सुरुवात आजच करू या. आज वर्धापनदिनाचे जेवण आहे, आणि पहाटे पाचपासून आपल्या सात सभासद भगिनी मागच्या खोलीत राबत आहेत. माझी सूचना अशी की पहिल्या पंगतीला त्या सात जणींनी बसावे, आणि वाढायला आम्ही भाषणे करणाऱ्यांनी उभे राहावे. अध्यक्षबाईंची परवानगी असेल तर मी पदर खोचते.