एका चुलीवर जेवणारी माणसं



२८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात महात्मा फुले गेले. अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे पुढे न्यायचं मडकं, कोणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला. यशवंत हा काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा. जोतिराव-सावित्रीबाईंनी त्याला दत्तक घेऊन वाढवलं होतं आणि जोतिरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्रही करून ठेवलं होतं. तरी दत्तकाचा हक्क भावकीला मान्य होईना. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि त्या पुढे झाल्या, असं चरित्रकार सांगतात.

मुलगा घरात वाढलेला, कागद तयार, आणि तरी बाहेरच्यांनी येऊन सांगावं की हे खरं नातं नव्हे! असं सांगण्याचा अधिकार कोणालाच नसेल तो समाज कसा असेल, याची कल्पना मला आज तुमच्यासमोर मांडायची आहे.

सुरुवात आपल्याकडे आधीपासून असलेल्या एका गोष्टीपासून करतो. जनगणनेत कुटुंब कसं मोजतात? एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. रक्ताच्या नात्याची अट नाही, लग्नाचीही नाही. म्हणजे मोजायला सरकारला चूल पुरते. तीच माणसं काही मागायला गेली की मात्र नात्याचा पुरावा मागितला जातो.

सरकारचं सोडा, मजुरीच्या बाजारातही हेच आहे. बीड जिल्ह्यातून आणि शेजारच्या पाथर्डीसारख्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. नवरा वारला किंवा टाकून गेला, तर ती बाई अर्धा कोयता ठरते. भाऊ, सासरा, कोणीतरी पुरुष जोडीला घ्यावा लागतो. मग अंगात बळ असून, मुलं पोसायची असून तिला काम मिळेलच याची खात्री नाही. आणि जोडीलाच उचल मिळते म्हणून कोवळ्या पोरांची लग्नं उरकली जातात. बालविवाहाविरुद्ध आपण भाषणं करतो. पण मजुरीची रीतच एकट्या माणसाला माणूस धरत नसेल, तर त्या भाषणांनी काय होणार?

या जोड्या गेल्यावर गावात उरतात आजी आणि नातवंडं. पाच-सहा महिने तेच कुटुंब असतं. या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती वेळेवर सुरू झाली तर मुलं शाळेत टिकतात, उशिरा सुरू झाली तर थोरली पोरं धाकट्यांना घेऊन फडावर जातात. आजीच्या हाती अधिकार काहीच नाही. सही आईबापांची हवी, आणि आईबाप तर कर्नाटकातल्या कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर.

नात्याचा पुरावा न मागता अशी घरं मान्य करा, असं बोललं की हमखास एक भीती पुढे येते, की अशानं कुटुंबसंस्था मोडेल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. ती बाळगणारी पुष्कळ माणसं आपापल्या घरासाठी झिजलेली असतात. पण आपली जुनी घरं तरी आठवा. विधवा आत्या, शिकायला ठेवलेला भाचा, आई गेलेली पुतणी, सगळे एका पंगतीत बसत. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या आतिथ्याला जातीची कुंपणं होती आणि त्या आत्याला घरात मान नव्हता, हे विसरून चालणार नाही. तरीही पानाशी बसलेल्याचं आपल्याशी लग्नाचं किंवा रक्ताचं नातं हवं, असा हट्ट त्या पंगतीचाही नव्हता.

रक्ता-लग्नाच्या चौकटीबाहेरची घरं मान्य करण्याकडे न्यायालयंही हळूहळू वळत आहेत. चंदीगडच्या एका परिचारिकेला स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाची रजा नाकारली गेली, कारण नवऱ्याच्या आधीच्या लग्नाची दोन मुलं तिच्या नावावर धरली होती. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्या बाजूनं निकाल दिला आणि एकल पालकांची, समलिंगी जोडप्यांची घरंही कायद्याच्या संरक्षणाला पात्र आहेत असं म्हटलं. पुढच्याच वर्षी १७ ऑक्टोबरला मात्र समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला त्याच न्यायालयानं नकार दिला. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्रानं अशा जोडीदारांना एका शिधापत्रिकेवर घ्यावं, संयुक्त बँक खातं उघडू द्यावं, अशा सूचना काढल्या. धान्य एकत्र मिळेल, पण मृत्युपत्र नसेल तर वारसा मिळणार नाही. वीस वर्षं एका घरात काढलेल्या माणसांना एवढ्यावर समाधान माना म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

माझ्या मनातल्या समाजात रुग्णालय दाखल होतानाच रुग्णाला विचारील, ‘तुमच्या वतीनं कोणाशी बोलायचं?’ आणि तो जे नाव सांगेल ते मान्य करील. शाळा सांभाळणाऱ्या आजीची सही घेईल. उतारवयात एकत्र राहणाऱ्या दोन मैत्रिणींपैकी एक आजारी पडली तर दुसरीला नोकरीतून रजा मिळेल. मुकादमाच्या वहीत प्रत्येक मजुराचं नाव वेगळं असेल आणि एकट्या बाईला तिच्या हातची पूर्ण मजुरी मिळेल.

हे सगळं दिल्लीतूनच व्हावं लागतं असं नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या ग्रामसभांनी यंदा हंगामाआधी असाच एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. कोणतं मूल कोणाकडे राहणार, याची यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. त्या सांभाळणाऱ्या माणसाला शाळेनं आणि आरोग्य केंद्रानं पालक म्हणून वागवावं. आणि पहिली गाडी गावातून निघण्याच्या आदल्या दिवशी वसतिगृहाची चूल पेटलेली असावी.