बार्लो घ्यावा, पण कोणता?



नवी दुर्बीण घेणाऱ्याला खोक्यावरचा एक आकडा हमखास भुरळ घालतो. ११४ मिलिमीटर व्यासाची, ९०० मिलिमीटर फोकल लेंथची आरशाची दुर्बीण असते आणि खोक्यावर ठळक छापलेलं असतं, ६७५ पट! या आकड्याला खोटं म्हणायचीही सोय नाही. ९०० ला सोबतच्या ४ मिलिमीटरच्या आयपीसनं भागा, २२५ येतात. त्याच खोक्यात एका पिशवीत काळी प्लास्टिकची नळी असते, तिच्यावर तीन एक्स असं लिहिलेलं असतं. २२५ त्रिक ६७५. हिशेब चोख आहे; फक्त त्या ६७५ पटीत दिसणारा गुरू म्हणजे एक दुधट, थरथरता डाग असतो. त्याच्यावर पट्टे दिसत नाहीत, त्याला धड कडाही नसते. घरातली मुलं दोन रात्री बघतात आणि दुर्बीण माळ्यावर जाते.

ती नळी म्हणजे बार्लो. अशा फुकट आलेल्या नळ्यांमुळे सगळ्या बार्लोंचंच नाव खराब झालंय. माझं मत मात्र असं, की दुर्बिणीनंतर पहिला खर्च करायचा तो एका बऱ्यापैकी स्वस्त बार्लोवर.

पीटर बार्लो हे इंग्लंडात वूलिचच्या रॉयल मिलिटरी अकॅडमीत गणित शिकवत. त्यांचे वर्ग, घन आणि मुळांचे तक्ते १८१४ साली निघाले आणि पुढे दीडशे वर्षं लोकांच्या मेजावर राहिले. त्यांच्या हिशेबानुसार लंडनच्या जॉर्ज डॉलंड यांनी १८३३ साली एक अंतर्वक्र जोडभिंग घडवलं. मुख्य भिंगाकडून किंवा आरशाकडून येणारे किरण एका बिंदूत मिळायच्या थोडं आधी हे भिंग त्यांना गाठतं आणि त्यांचं मिळणं लांबवतं. परिणाम असा, की १२०० मिलिमीटरची दुर्बीण २४०० ची असल्यासारखी वागते. १० मिलिमीटरच्या आयपीसमधून १२० पट दिसत असेल, तर आता २४० पट.

यात दुर्बिणीचा व्यास तेवढाच राहिला, हे लक्षात घ्या. प्रकाश तेवढाच आहे आणि तो चौपट जागेवर पसरलाय, म्हणून चंद्राचा किंवा ग्रहाचा उजेड पृष्ठभागावर चौथा हिस्सा उरतो. व्यासाच्या दर मिलिमीटरला जास्तीत जास्त दोन पट, हा हौशी लोकांचा जुना ठोकताळा. ११४ ला २२८. ६७५ म्हणजे त्याच्या जवळजवळ तिप्पट! शिवाय वर हवा आहे. आपल्याकडे लोक गच्चीवर दुर्बीण लावतात, आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकत असतो. तिथं कित्येक रात्री १५० पटीच्या पुढं काही हाती लागत नाही.

मग सरळ लहान आयपीसच का घेऊ नये, असं कुणी विचारेल. घ्यावं, पण डोळ्याचं काय? साध्या प्लॉसल जातीच्या आयपीसमध्ये डोळा किती जवळ न्यावा लागतो, हे त्याच्या फोकल लेंथवर ठरतं. १० मिलिमीटरच्या प्लॉसलला साधारण सात मिलिमीटर, ५ च्याला तीन-चार. पापण्यांचे केस काचेला लागतात आणि चष्मेवाल्यांनी तर नादच सोडावा. त्याऐवजी २० चा आयपीस बार्लोत बसवला, की तो १० चं काम करतो आणि डोळा आरामात मागं राहतो. दुसरा फायदा आखूड दुर्बिणींना, म्हणजे फोकल लेंथ व्यासाच्या पाचपटच असलेल्या एफ-५ वगैरेंना. तिथं किरण इतके तिरपे येतात की स्वस्त आयपीस कडेला तारे फाकवतो. बार्लोनं तेच किरण एफ-१० सारखे सौम्य होतात आणि आयपीस शहाण्यासारखा वागू लागतो. मुख्य आरशाचा स्वतःचा दोष मात्र तसाच राहतो, तो बार्लोनं जात नाही.

आता बाजारात काय मिळतं ते पाहू. सगळ्यात खाली ती खोक्यातली नळी. तिच्यात बहुधा एकच भिंग असतं, कधी प्लास्टिकचं. चंद्राच्या कडेला निळी-पिवळी झालर दिसली की समजावं. ती मुलाला खेळायला द्या.

त्यावरची पायरी दोन भिंगं चिकटवून केलेल्या बार्लोंची, आणि माझ्या मते आपल्याला थांबायचं ते इथंच. सेलेस्ट्रॉनचा ऑम्नी दोन एक्स, तैवानच्या जीएसओचा दोन एक्स, स्काय-वॉचरचा डिलक्स. नावं वेगळी असली तरी रात्री तिन्ही आलटून-पालटून लावले तर गुरूवर फरक सांगणं कठीण जाईल. फरक असतो तो नळीच्या घडणीत. आयपीस धरायला नुसता स्क्रू आहे की आत पितळी कडी आहे? आतली बाजू नीट काळी केलीय का? स्काय-वॉचरच्याला कॅमेरा जोडायचे आटे आहेत. फोटो काढणाऱ्यांना ते उपयोगी. आरशाच्या दुर्बिणीत कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही ही नेहमीची रड आहे, आणि बार्लो फोकस बाहेर ढकलतो म्हणून तीही मिटते.

त्याच्या वर तीन भिंगांचा जीएसओचा अडीच एक्स आहे, बाडरचा सव्वादोन एक्स आहे, आणि आणखी वर टेली व्ह्यू. टेली व्ह्यूचा बार्लो उत्तमच, वादच नाही. पण ज्याची दुर्बीण सहा इंची आणि आयपीस खोक्यातलेच आहेत, त्यानं एवढे पैसे बार्लोत घालणं मला पटत नाही.

तीन एक्स घेऊ का, हा प्रश्न नेहमी येतो. नको. बार्लोची पट ही भिंगापासून आयपीस किती दूर, यावर ठरते. बऱ्याच दोन एक्स बार्लोंचं भिंग खालून आटे फिरवून वेगळं निघतं आणि आयपीसच्या फिल्टरच्या आट्यात थेट बसतं. मग तोच बार्लो सुमारे दीड पट होतो. भिंगाच्या दुर्बिणीत बार्लो डायगोनलच्या, म्हणजे किरण वळवून आयपीसकडे नेणाऱ्या आरशाच्या आधी लावला, तर तो तीन पटीच्या आसपास जातो. एका पैशात तीन बार्लो. डायगोनलमध्ये लांब नळीचा बार्लो खुपसताना मात्र जपून, आतल्या आरशाला टोक लागतं.

आयपीस कोणते आहेत तेही बघा. २० आणि १० ची जोडी असेल, तर बार्लोतला २० पुन्हा १० च होतो. हाती नवी पट एकच येते. २५ आणि १० असतील तर साडेबारा आणि ५, दोन्ही कामाचे.

दुकानात तपासायचं असेल तर ट्यूबलाइटखाली भिंग तिरकं धरा. प्रतिबिंब पांढरंफटक असेल तर काचेवर लेप नाही; हिरवट किंवा जांभळट असेल तर आहे. प्रतिबिंबं मोजा. एकाच भिंगात ती दोन दिसतात; जोडभिंगात चिकटवलेल्या जागेवरून येणारं तिसरं, फिकट असं दिसतं. मग नळी खिडकीकडे धरून आरपार पाहा. आत चकचकीत कडी दिसली, तर तीच चकाकी रात्री चंद्राभोवती धुकं होऊन येणार.

आणि दोन एक्स लिहिलंय ते खरोखर दोन आहे का? त्याला मृग नक्षत्र मदत करतं. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी मिंटाका खगोलीय विषुववृत्ताला अगदी लागून आहे. दुर्बीण स्थिर ठेवा, तारा दृश्याच्या मधोमध या टोकाकडून त्या टोकाला जायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजा. १२०० च्या दुर्बिणीत २५ च्या प्लॉसलला सुमारे २५० सेकंद लागतील. बार्लो लावून १२५ आले तर तो पुरा दोनाचा. १४० आले तर तो एक पूर्णांक आठ आहे, आणि त्यानं काही बिघडत नाही. भिंगाची प्रत बघायची तर पुनर्वसूतला कॅस्टर घ्या. त्याचे दोन तारे सुमारे ५ विकलांवर आहेत; ९६ पटीत ते दोन स्वच्छ ठिपके दिसायला हवेत, शेपट्या नकोत.

जमलं तर विकत घेण्याआधी दुसऱ्याचा लावून पाहा. पुण्यात १९४४ पासून चालू असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. आकाशदर्शनाला आलेले लोक आपला बार्लो दुसऱ्याला द्यायला सहसा कुरकुरत नाहीत. उलट त्यावर अर्धा तास बोलतात, तेवढी तयारी ठेवा.

मुंबई, कोकण, गोवा या भागातल्या श्रोत्यांसाठी एवढंच, की पावसाळ्यात बार्लो मूळ फोमच्या खोक्यात ठेवू नका. दमट हवेत जोडभिंगावर बुरशी धरते आणि ती पुसून जात नाही. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलची पुडी, आणि पुडीचे दाणे रंग बदलू लागले की ते पुन्हा तापवून कोरडे करायचे.