काळा खडक, तांबडी वाईन आणि शेतकरी

(आदिलाबाद येथे शेतकरी, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्या पायांखालची काळी जमीन ज्या खडकापासून झाली, तो खडक एके काळी तप्त लाव्हारस होता. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून तो थरावर थर वाहिला. आज सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापलेला आहे. नाशिक त्यातच येते आणि आदिलाबादकडील काळा पट्टाही त्याच्याच पूर्व कडेवर आहे. तेव्हा नाशिकला द्राक्षाची तांबडी वाईन होते, तर ती येथे का होऊ नये, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच होय. परंतु त्याचे उत्तर खडकात अर्धेच सापडते.

सिसिली बेटावर एटना हा जागृत ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावर सुमारे १००० मीटर उंचीपर्यंत द्राक्षमळे असून नेरेल्लो मास्कालेसे या स्थानिक जातीपासून तेथे तांबडी वाईन करतात. तेथील माती राखेची व भुसभुशीत. पाणी पडले की निचरून जाते. आपला खडक मात्र दीर्घ काळ झिजून त्याची चिकण काळी माती झाली. ती पाणी धरून ठेवते म्हणून कापसाला मानवते. द्राक्षवेलीच्या मुळांना नेमके तेच बाधते. वाईनच्या बागेस निचऱ्याची, मुरमाड, हलकी जमीन हवी. गावात जी बरड म्हणून कोणी विचारीत नाही तिलाच येथे मान मिळावा, ही मौजच म्हणावयाची!

उंचीचेही तसेच. दर १००० मीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. रात्री गार असल्या म्हणजे मण्यातील आम्लता टिकते व सालीला रंग चढतो; आणि तांबड्या वाईनचा रंग मुख्यतः सालीतूनच येतो. पांढऱ्या वाईनसाठी रस आधीच पिळून घेतात, तांबडीसाठी तो साल व बिया यांसकट आंबवितात. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, आदिलाबाद शहर सुमारे २६०. आपल्या हिवाळ्यातील रात्री कडाक्याच्या असतात हे खरे, पण फेब्रुवारी सरता सरता ऊन तापू लागते. नाशिककडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करून फळ थंडीत पोसतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. येथे हा काळ आखूड मिळेल.

आता बाजाराचा विचार, आणि माझ्या मते तोच मुख्य. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. विंचूर व पलूस येथे वाईन पार्कची योजना झाली. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों या जातींच्या बागा वाढल्या. पुढे २००८ च्या मंदीनंतर मागणी घटली, वाईन टाक्यांत पडून राहिली आणि अनेक शेतकऱ्यांनी पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेल्या बागांवर कुऱ्हाड चालविली. खाण्याच्या थॉम्पसन द्राक्षाचा भाव पडला तर त्याचा बेदाणा तरी करता येतो. वाईनच्या द्राक्षाचा मणी बारीक, बियांचा, जाड सालीचा. तो मंडईत कोण घेणार? त्याला गिऱ्हाईक एकच, कारखाना. म्हणून वेल लावण्यापूर्वी लेखी करार हवा. त्यात भाव, मुदत, साखरेचे प्रमाण कोणी व केव्हा मोजावयाचे आणि माल नाकारल्यास भरपाई काय, हे स्पष्ट लिहिलेले असावे. करार वाचून दाखविण्याचे काम गुरुजींनी केले तर फार उपयोग होईल.

दारूचा प्रश्न मी टाळणार नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात मद्यबंदीचे मार्गदर्शक तत्त्व आहे. आंध्र प्रदेशात स्त्रियांच्या चळवळीनंतर १९९५ साली दारूबंदी झाली व १९९७ साली ती शिथिल करण्यात आली. ज्या घराने दारूपायी हाल सोसले, त्या घरातील बाईला या पिकाविषयी काय वाटते, हेही ग्रामसभेत ऐकले पाहिजे.

एवढ्यावरही कोणास प्रयोग करावयाचा असेल, तर दोन-चार गुंठ्यांवरच करावा. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. पावसाळ्यात गुडघाभर खड्डा खणून त्यात पाणी किती वेळ साचून राहते ते पाहावे. शिक्षक मित्रांना एक विनंती : शाळेच्या पडवीत किमान-कमाल तापमापक टांगून मुलांकडून रोजची नोंद ठेवावी. दोन हिवाळ्यांच्या नोंदी जमल्या की कृषी अधिकाऱ्यांना त्या नाशिकच्या नोंदींशी ताडून पाहता येतील.