बँडवाले दादा आणि आपली मुले
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



सोसायटीला २५ वर्षे झाली. आपल्या घरच्या वराती बँडच्याच तालावर निघाल्या. पण खुर्चीवर बसून, कान देऊन बँड ऐकला तो आजच. आणि दादांच्या मांडीला मांडी लावून शाळेच्या पथकातली आपलीच पोरं वाजवत होती.

मुलांच्या हातात बिगुल. त्याला कळा नसतात. ओठ आणि फुंकर यांवर मोजकेच सूर निघतात. म्हणून त्यांची धाव सलामीपर्यंत. ट्रम्पेटला तीन कळा, त्यांच्या जोडणीतून सगळे सूर. आज एका दादांनी तो पोरांच्या हाती दिला, तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते! गोव्यात चर्चच्या शाळांत मुले लहानपणीच नोटेशन शिकत. त्यांतले कित्येक पुढे मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवू लागले. मग पुसदच्या पोरांनी काय घोडं मारलं?

तुळशीच्या लग्नानंतर दादांना उसंत नसते. आषाढीनंतर मुहूर्त थांबतात, मग त्यांतले काही मजुरीला जातात. माझी सूचना अशी : त्या चार महिन्यांत दर रविवारी संध्याकाळी दोन तास आपले सभागृह शिकवणीसाठी द्यावे आणि दादांना सोसायटीने मानधन द्यावे. आवाजाचा त्रास होईल, खरं आहे. सुरुवातीला बेसूरही ऐकावं लागेल. पण पुढच्या १५ ऑगस्टला राष्ट्रगीत स्पीकरवर लावायचं नाही. दादा आणि पोरं मिळून वाजवतील.

सभेत हात वर कराल, एवढीच विनंती.