जंतूच्या पोटातला धागा



मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव म्हटलं की आपल्या भंडारा जिल्ह्यात कोशाचं कापड आठवतं. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या पाल्यावर पोसलेल्या अळीचा तो कोष, आणि त्याचा धागा म्हणजे प्रथिन. आज बोलायचं आहे तेही प्रथिनाच्या धाग्यांविषयीच. फक्त हे धागे जंतूच्या पोटात असतात. कोशाचा धागा एकदा कातला की कातला. यांतले काही मात्र एका टोकाला वाढत असतात आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला सुटत असतात.

जंतूला सांगाडा नसतो, बाहेरची भिंतच त्याला आकार देते, असं पुस्तकं बरीच वर्षं सांगत होती. मग 1991 मध्ये ई. कोलाय जंतूच्या बरोबर मध्यावर एफटीएसझेड या प्रथिनाचं कडं दिसलं. जंतू दुभंगतो तो तिथेच. 2001 मध्ये एमआरईबीचे धागे सापडले. हे प्रथिन आपल्या स्नायूंतल्या ॲक्टिनचं नातलग. ते नसेल तर दांडीसारखा जंतू गोल होतो.

पण खरी गंमत स्पायरोप्लाझ्माची. संत्रावर्गीय झाडांना रोग लावणारा हा जंतू. तुडतुड्यांबरोबर पसरतो, कॅलिफोर्नियात आणि भूमध्य समुद्राकाठी बागायतदारांना छळतो. त्याला भिंतही नाही आणि पोहायला शेपूटही नाही. तरी अंग मळसूत्रासारखं पिळलेलं, आणि त्या पिळाची दिशा बदलत बदलत तो पुढे सरकतो. हा पीळ येतो कुठून?

याचं एक उत्तर आपल्या महाराष्ट्रातून आलं. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या पी. गायत्री यांच्या गटाने फ्रान्समधल्या संशोधकांबरोबर या जंतूचा एक सरळ, न हलणारा वाण तपासला. त्याचं एमआरईबी-5 हे प्रथिन अपुरं होतं. धडधाकट प्रथिन मिळताच त्याला पीळही आला आणि तो पोहूही लागला. 2020 मध्ये हे प्रसिद्ध झालं. मला तरी हा पुरावा फार देखणा वाटतो, कारण एवढ्या एका प्रथिनाने आकार आणि चाल दोन्ही परत आली.

याला औषधाचीही बाजू आहे. पेनिसिलिन जंतूची भिंत बांधू देत नाही. स्पायरोप्लाझ्माला भिंतच नाही, तेव्हा त्याच्यापुढे पेनिसिलिनचं काही चालत नाही. आता काही संशोधक भिंत सोडून धाग्यांकडे वळले आहेत, आणि त्यांचं पहिलं लक्ष्य आहे जंतू दुभंगणारं ते एफटीएसझेडचं कडं.